गंज आणि गुंतवणूकदार, दोघांच्या तावडीतून सुटलेली एमजीबी कशी शोधावी

जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची असेल तर आधी ती मिळेनाशी का झाली ते समजून घ्या. मग कुठे शोधायची आणि कुठून पळ काढायचा, दोन्ही कळतं.

मी इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये राहते, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तपासणीचं काम करते आणि माझ्याकडे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, गडद हिरवी एमजीबी जीटी आहे. गणपतीत आरती आटोपून प्रसादाच्या रांगेत उभं असताना दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "ताई, अशी एखादी पाच-सहा हजार पौंडांत मिळेल का हो? पण चालवता आली पाहिजे हं, नुसती पुसत बसायची नाहीये." मिळते. फक्त या वाक्यातलं "चालवता आली पाहिजे" हे महाग पडतं.

या गाड्या दोन्ही टोकांनी संपत चालल्यात. वरच्या टोकाला जॅग्वार ई-टाइप किंवा जुनी, हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची पोर्शे ९११ असल्या गाड्या. त्या कधीच पैसेवाल्यांच्या गोडाऊनमध्ये गेल्या. मैल वाढले की किंमत उतरते म्हणून त्यांना रस्ता दिसत नाही. खालच्या टोकाला गंज. दोन-तीन हजारांची गाडी, तिच्या दोन्ही बाजूंच्या, दाराखालच्या सिलचं वेल्डिंग करायचं तर बिल गाडीच्या किमतीपुढे जातं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मग मालक वैतागून ती भंगारवाल्याला देतो, तो इंजिन, गिअरबॉक्स, चाकं सुटी विकतो आणि उरलेला सांगाडा दाबून टाकतो. २००९ मध्ये इथल्या सरकारनं आणि कार कंपन्यांनी मिळून जुनी गाडी मोडीत काढून नवी घेणाऱ्याला दोन हजार पौंडांची सूट दिली होती. वर्षभराच्या आत जवळपास चार लाख गाड्या मोडीत निघाल्या. सगळ्या काही स्पोर्ट्स कार नव्हत्या, पण आणखी दहा-पंधरा वर्षं तगल्या असत्या तर आज ज्यांच्यामागे आपण धावलो असतो अशाही त्यात गेल्या.

म्हणून माझा सल्ला मधल्या गाडीचा. रंग थोडा उडालेला, सीटची शिवण उसवलेली, पण पत्रा शाबूत आणि दर वर्षी थोडीफार चाललेली. अशी गाडी प्रदर्शनात बक्षीस मिळवत नाही, म्हणून श्रीमंताला नको असते. आणि चालते आहे, म्हणून भंगारवाल्यालाही मिळत नाही.

एमजीबीच का

कारण ती भरपूर बनली. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. त्यामुळे सुटे भाग अजून मिळतात, तेही नवे. ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी तयार करते. तिला दहा हजार पौंडांच्या वर मोजावे लागतात, तेव्हा ती तुमच्या-माझ्यासाठी नाही, पण तिच्यामुळे एखादं मडगार्ड किंवा दाराचा पत्रा घरपोच येतो. साठ वर्षांपूर्वीच्या दुसऱ्या कुठल्या स्पोर्ट्स कारबाबत असं सहज म्हणता येईल? इथे कॉव्हेंट्रीतच बनलेली ट्रायम्फ स्पिटफायर जवळपास येते. तिला वेगळी चेसिस असते, म्हणून बॉडी कुजली तरी गाडी मोडून पडत नाही. दिसायलाही ती जास्त नखरेल आहे. पण लांबच्या पल्ल्याला मी एमजीबीच नेईन.

एमजीबीचे दोन अवतार. उघड्या टपाची रोडस्टर, आणि १९६५ मध्ये आलेली, पिनिनफरिना या इटालियन डिझाइन कंपनीनं छताची रेषा काढून दिलेली, बंद छताची जीटी. सगळ्यांना रोडस्टर हवी असते, म्हणून जीटी स्वस्त. मी जीटीच घ्या म्हणते. इंग्लंडातल्या पावसाचं कारण आहेच, पण मागे डिकीचं मोठं दार आहे, आठवड्याचं वाणसामान राहतं आणि लोखंडी छतामुळे गाडी कण्हत-कुथत नाही.

पुढचा भेद बंपरचा. १९७४ च्या शरद ऋतूपर्यंत चकचकीत क्रोमचे बंपर होते. मग अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी काळे जाड रबरी बंपर आले आणि हेडलाइट-बंपरची उंची जुळावी म्हणून गाडी दीडेक इंच वर उचलली गेली. जाणकार मंडळी रबरी बंपरला नाकं मुरडतात. मुरडू द्या! त्यांच्या नाकामुळेच तर ती आपल्याला परवडते. आज चालत्या रबरी बंपरच्या जीटीला साधारण साडेतीन ते साडेसहा हजार पडतात. क्रोमच्या चांगल्या रोडस्टरला नऊच्या खाली हात घालता येत नाही. उंची खाली आणायचं किट मिळतं, ते पुढे कधीतरी बसवा.

घरबसल्या करायचा गृहपाठ

जाहिरात आवडली की नंबर प्लेट टिपा आणि सरकारी संकेतस्थळावर गाडीचा एमओटीचा, म्हणजे इथल्या वार्षिक तपासणीचा, इतिहास काढा. फुकट आहे, २००५ पासूनच्या नोंदी दिसतात. पास-नापास बघून थांबू नका, शेरे वाचा. समजा तीन वर्षं ओळीनं "उजव्या सिलला गंज" असा शेरा आहे आणि चौथ्या वर्षी तो गायब. मग मालकाला विचारा, वेल्डिंगचं बिल कुठाय? बिल नसेल तर तिथे पुट्टी आणि काळा डांबरी रंग आहे असं धरून चाला.

आणखी एक मेख. चाळीस वर्षांवरच्या गाड्यांना २०१८ पासून एमओटीतून सूट आहे, आणि एमजीबी आता सगळ्याच चाळिशी ओलांडलेल्या. त्यामुळे "एमओटीची गरजच नाही" असं विक्रेते कौतुकानं सांगतात. माझा नियम असा की ज्या गाडीची गेल्या दोन-तीन वर्षांत एकदाही तपासणी झालेली नाही, तिच्या मालकाला सांगायचं, एमओटी करून घ्या, पैसे मी देते. खरा माणूस हो म्हणतो.

ओडोमीटरवर विसंबू नका. त्यात पाचच आकडे असतात. ३८,००० दिसले तर ते १,३८,००० असू शकतात, आणि बहुतेक वेळा असतातच.

पत्रा, पत्रा आणि पत्रा

जाताना जुने कपडे घाला, एक टॉर्च, छोटं लोहचुंबक आणि गुडघ्याखाली घ्यायला पोतं न्या. आदल्या दिवशी मालकाला सांगून ठेवा की इंजिन गरम करून ठेवू नका.

एमजीबीला वेगळी चेसिस नाही. दाराखालचा जो लांब पेटीसारखा भाग, सिल, तोच तिचा कणा. तो तीन थरांचा असतो: बाहेरचा पत्रा, मधला उभा पत्रा, आतला पत्रा. गंज मधल्या थरात सुरू होतो, म्हणजे बाहेरून दिसेपर्यंत वेळ गेलेली असते. मूळ सिल पुढच्या मडगार्डच्या खाली आणि मागच्या मडगार्डच्या आतपर्यंत जातं. नीट बदलायचं तर पुढचं मडगार्ड सोडवावं लागतं (ते बोल्टवर असतं) आणि मागच्याचा खालचा तुकडा कापावा लागतो. हे काम दिवसांचं आहे आणि चांगला वेल्डर तासाला साठ-सत्तर पौंड घेतो. म्हणून आळशी गॅरेजवाले कुजलेल्या सिलवरच नवा पत्रा डकवून देतात. वरून छान दिसतं, आत भुगा.

ओळखायचं कसं? आधी दार बंद करून त्याच्या मागच्या कडेची फट पाहा. ती वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून खचली आहे. रोडस्टरमध्ये हे लगेच कळतं. जीटीमध्ये छत तोलून धरतं, म्हणून जास्त बारकाईनं बघायचं. मग मालकाला विचारून सिलच्या मध्यावरच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावा आणि सावकाश उचला. कुरकुर ऐकू आली किंवा दाराची फट हलली, तर आभार मानून चहाही न घेता निघा. मालकाला जॅक लावू द्यायचा नसेल तर उत्तर मिळालंच.

नंतर गालिचा उचला. सीटच्या बाजूला, आतल्या सिलला जिथे फरशीचा पत्रा मिळतो, तिथे अंगठ्यानं दाबा. पत्रा दबता कामा नये. मागच्या चाकांच्या पुढे, पाट्याची स्प्रिंग (लीफ स्प्रिंग) जिथे अडकते ती जागा टॉर्चनं पाहा. पुढच्या मडगार्डच्या आत चिखल अडवणारी पट्टी असते. तिचं रबर गेलं की मागे ओला चिखल वर्षानुवर्षं बसून राहतो, म्हणून मडगार्डचं मागचं खालचं टोक आणि विंडस्क्रीनजवळचा वरचा भाग, दोन्ही ठिकाणी चुंबक फिरवा. चिकटलं नाही तिथे पुट्टी. दाराच्या पुढच्या त्रिकोणी काचेखाली पत्र्याला उभी चीर पडलेली दिसेल. ती बहुतेक एमजीबींना असते, तिच्यासाठी दोन-तीनशे कमी करा, पण गाडी सोडू नका. सीटमागच्या झाकणाखाली बॅटरी असते (१९७४ पर्यंत सहा-सहा व्होल्टच्या दोन, नंतर बाराची एक). तिथला पत्रा अ‍ॅसिडनं खाल्लेला असतो आणि ते झाकण कुणी उघडतच नाही.

वूस्टरशरच्या एका खेड्यात मी माझी गाडी बघायला गेले तेव्हा मालक सत्तरीच्या पुढचे होते. मी पोतं अंथरून गाडीखाली सरकले, तर ते घरात गेले आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आले. आत बिलं, आणि प्रत्येक बिलाला टाचणीनं लावलेले फोटो. सिल कापलेलं, आतला थर उघडा, मग नवा पत्रा, मग रंग. "वेल्डर म्हणाला फोटो कशाला," ते म्हणाले, "मी म्हटलं, माझ्यानंतर जी बाई खाली वाकून बघेल तिच्यासाठी." आता हे ते मला बघून म्हणाले की खरंच तेव्हा म्हणाले होते, देव जाणे, पण असला डबा समोर आला की फार घासाघीस करू नका. कामाचे फोटो हे नव्या रंगापेक्षा मोलाचे.

इंजिनला घाबरू नका

एमजीबीचं १७९८ सीसीचं इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) बी-सिरीजमधलं. आपल्या अँबॅसिडरमध्ये पेट्रोलचं जे १४८९ सीसीचं इंजिन वर्षानुवर्षं होतं, ते याच घराण्यातलं. माझ्या मामाचं मिरजेला गॅरेज होतं. तिथे लहानपणी टॅपेटची टकटक ऐकलेली असल्यामुळे मला इथे ती ओळखीची वाटली. थोडी टकटक चांगलीच, अगदी गप्प असलेले टॅपेट बहुधा जास्त आवळलेले असतात.

थंड इंजिन चालू करा. ऑइलचं प्रेशर पटकन चढायला हवं. गरम झाल्यावर प्रेशर रस्त्यावर ५० पीएसआयच्या वर हवं, उभ्या गाडीत १५-२० च्या खाली नको. निळा धूर म्हणजे पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्हचं ऑइल. त्याचा खर्च मोजून भाव पाडा, बाकी काही नाही. या इंजिनाला पूर्ण उघडून बांधणारे अजून मिळतात आणि भाग स्वस्त आहेत. इथे शिशाचं पेट्रोल १ जानेवारी २००० पासून सर्रास विकायचं बंद झालं आणि शिशाविना जुन्या व्हॉल्व्ह सीट झिजतात, तेव्हा हेडला कठीण व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का ते बिलात शोधा.

एसयू कार्बोरेटरच्या वरच्या काळ्या टोप्या फिरवून काढा आणि आत ऑइल आहे का बघा. कोरडं असेल तर पिकअपला गाडी अडखळते. मालकाला ते माहीतच नसेल तर त्याच्या बाकीच्या देखभालीविषयीही अंदाज येतो. विजेच्या वायरिंगबद्दल लोक फार भीती घालतात. माझ्या मते अर्धे घोटाळे अर्थिंगचे असतात, संध्याकाळभर पॉलिश पेपरनं टर्मिनल घासली की जातात.

चालवून पाहताना

निदान अर्धा तास, आणि त्यात मोठा रस्ता हवाच. ओव्हरड्राइव्ह (इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) असलेली गाडी घ्या; नंतर बसवायला महाग पडतो. त्याचं बटण कुठे गिअरच्या दांड्यावर, कुठे स्टेअरिंगजवळ असतं. चौथ्या गिअरमध्ये ताशी ७० मैलांना इंजिन चार हजार फेऱ्यांच्या जवळ ओरडत असतं. ओव्हरड्राइव्ह पडला की तीन हजारांच्या आसपास येतं आणि शेजारच्याशी बोलता येतं. तो दोन सेकंदांत पडला पाहिजे आणि सुटलाही पाहिजे.

तारांची चाकं असतील तर गाडी उभी करून हँडब्रेक ओढा आणि चाक हातानं पुढे-मागे हलवा. "टक" असं वाजलं तर आतले दाते झिजलेत. पुढचं चाक जॅकवर घेऊन वर-खाली धरून हलवा. ढिलं असेल तर किंगपिन (पुढचं चाक ज्यावर वळतं ती खुंटी) गेले. दर तीन हजार मैलांना ग्रीस मारायचं असतं, लोक विसरतात. स्टेअरिंग जड असेल तर तेच कारण.

टायरची खाच बघून भुलू नका. कडेला चार आकड्यांची तारीख असते. २३१० म्हणजे २०१० सालचा तेविसावा आठवडा. खाच नव्यासारखी आणि रबर लाकडासारखं, हे जुन्या गाड्यांत नेहमी दिसतं. नवा संच घ्यावाच लागेल, तो भावातून कापा.

कागद, विमा, पेट्रोल

रोड टॅक्स शून्य, पण लॉगबुकवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) 'हिस्टॉरिक' वर्ग लिहिलेला हवा आणि दर वर्षी शून्याचा टॅक्स भरायचा सोपस्कार करावाच लागतो. याच वर्गामुळे लंडनच्या यूलेझचा, म्हणजे जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांवरचा, दिवसाला साडेबारा पौंडांचा आकारही लागत नाही. विमा क्लासिकचाच घ्या आणि किंमत आधी ठरवून लेखी घ्या, नाहीतर अपघात झाला की ते बाजारभाव म्हणून तीन हजार हातावर टेकवतील. पेट्रोल पंपावर २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल. जुन्या रबरी नळ्या त्यानं मऊ होऊन चिरतात. नळ्या बदलून घ्या आणि महागाचं ई-५ भरा. क्लबचं सदस्यत्व घ्या. एमजी कार क्लब १९३० पासून आहे, एमजी ओनर्स क्लब १९७३ पासून. वर्गणी विम्याच्या सवलतीतच वसूल होते, आणि विकायची गाडी आधी तिथल्या ओळखीत फिरते, मग जाहिरातीत येते.

एमजीबी नकोच असेल तर

रोज ऑफिसला न्यायची असेल तर माझदा एमएक्स-५ बघा. १९८९ मध्ये आली, जगात सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्स कार. पहिल्या पिढीची, उघडझाप करणाऱ्या दिव्यांची, हातातून निसटत चालली आहे. दुसऱ्या पिढीची, १९९८ ते २००५ मधली, अजून दोन-तीन हजारांत दिसते आणि नेमकी तीच आता झपाट्यानं भंगारात जाते आहे. कारण पुन्हा गंज: टपाच्या कडेची पाणी जायची भोकं पानांनी बुजतात, पाणी सिलमध्ये उतरतं आणि मागच्या चाकापुढचा पत्रा आतून जातो. दुसऱ्या पिढीत पुढचे चेसिसचे दांडेही कुजतात, ते बोनेट उघडून नाही, खाली झोपूनच दिसतात. लंडनमध्ये राहणाऱ्यांची तर गंमतच. चाळिशी पार केलेल्या गाडीला यूलेझ माफ, २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्याही बहुतेक पास, आणि मधल्या वीसेक वर्षांतल्या अनेकींना मात्र आकार. म्हणजे उद्याच्या क्लासिक होऊ शकणाऱ्याच गाड्या आज लंडनबाहेर हाकलल्या जातात किंवा मोडीत निघतात. लंडनबाहेर असाल तर तुमचा फायदा.

कधी घ्यायची

नोव्हेंबरात. मे महिन्यात ऊन पडलं की सगळ्यांना टप उघडायची हौस येते आणि भाव चढतात. नोव्हेंबरात मालकाला गॅरेज रिकामं हवं असतं, बाहेर पाऊस असतो आणि गाडी कुठून गळते ते डोळ्यांनी दिसतं. रस्त्यावर मीठ पडायच्या आत गाडी घरी आणा. सिलच्या आत, दारांच्या आत वॅक्सॉइल किंवा डिनिट्रॉल असं गंजरोधक मेण फवारून घ्या; कॅन आणि लांब नळी मिळते, काम एका शनिवारचं, कपडे मात्र फेकायचेच. मग हिवाळाभर झाकून ठेवायचा मोह आवरा. कोरडा दिवस मिळाला की वीस-तीस मैल फिरवा, इंजिन पूर्ण गरम होऊ द्या. ब्रेक चिकटत नाहीत, कार्बोरेटर साचत नाही. आणि परत आल्यावर मागच्या चाकांपुढचा भाग पाइपानं धुवायला विसरू नका.